एका पदवीमागची माणसे

बी. ए. (द्वितीय वर्ष)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र अजिबात ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. जयंतीच्या भाषणांत, शाळेतल्या निबंधांत आणि चौकातल्या फलकांवर आपण ते लहानपणापासून वाचत-ऐकत आलो. त्यातून एक चित्र मनात पक्के बसते. दिव्याच्या उजेडात एक मुलगा एकटाच वाचत बसला आहे, आणि पुढे त्याने एकट्याच्या बळावर मोठमोठ्या पदव्या मिळवल्या आहेत. हे चित्र खोटे नाही. पण यंदा ग्रंथालयातून धनंजय कीरांनी लिहिलेले चरित्र आणून मी ते सावकाश वाचले, तेव्हा त्या दिव्याच्या आसपास बसलेली पुष्कळ माणसे मला दिसू लागली. त्यांच्याविषयी आपल्या अंकात लिहावे असे वाटले. मी माझ्या घरातली महाविद्यालयात आलेली पहिलीच. त्यामुळे शिकणाऱ्याच्या मागे कोण उभे असते, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू येथे, लष्करी छावणीत झाला. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरात अक्षर पोचणे जवळजवळ अशक्य होते. पण पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. महार समाजातल्या पुष्कळ कुटुंबांत पहिली पाटी आली ती या पलटणीच्या दारातून. पुढे सरकारने महारांची सैन्यभरतीच बंद केली आणि ते दारही लागले. म्हणजे सुभेदारांच्या घरात पुस्तके होती, याचे कारण एका पिढीला मिळालेला आणि पुढच्या पिढीला नाकारलेला आधार हे होते. हे मला आधी कधी कळले नव्हते.

आई भीमाबाई साताऱ्याला वारल्या, तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. पाठीत बाक असलेल्या या आत्याने घर चालवले आणि भावाच्या पोरांना आईची माया दिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज महाराष्ट्रात हाच दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळायचे, शिपाई नसेल तर तहान तशीच. मात्र त्याच शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते, जे मधल्या सुट्टीत या मुलाला आपल्यातली भाजी-भाकरी देत. बाबासाहेब त्यांना पुढेही विसरले नाहीत. एकाच इमारतीत एकाने पाणी तोडले आणि दुसऱ्याने भाकरी दिली. मुलगा दोन्हींतून शिकला.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, सरपण, जाते, बकरी आणि माणसेही. रात्री झोपायला जागा पुरत नसे. म्हणून मुलाने लवकर झोपायचे आणि वडिलांनी पहाटे दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे, मग त्या जागेवर आपण आडवे व्हायचे, असा क्रम ठरला होता. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले, की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, गहाण ठेवून पुस्तक घेत आणि निवृत्तिवेतन आले की तो दागिना सोडवून परत करत.

आणि आणखी एक गोष्ट, जी भाषणात फारशी येत नाही. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली आणि ते कामधंद्याला लागले. धाकटा शिकत राहिला.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आमचे गाव गंगाखेड तालुक्यातले. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी आली की माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे चुकत नाही. घरी म्हातारी आजी आणि आम्ही भावंडे. माझी थोरली बहीण सातवीत असताना तिची शाळा सुटली, कारण आम्हाला भाकरी करून घालायला कोणीतरी हवे होते. ताईचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आज ती तिच्या नवऱ्याबरोबर कोयत्याला जाते आणि मी इथे राज्यशास्त्राचे पेपर लिहिते. आनंदरावांचे नाव चरित्रात एक-दोन ओळींत येते. तशा ओळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहेत, फक्त कोणी लिहीत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या समाजाला ही गोष्ट एवढी अपूर्व होती की सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि सभेला आलेल्या कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र या मुलाला भेट दिले. केळूसकर दुसऱ्या शाळेतले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत रोज एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता आणि त्याला ते पुस्तके देत. पुढे महाविद्यालयाचा खर्च सुभेदारांना जड झाला, तेव्हा तेच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात मुल्लर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके दिली आणि अंगावरचे कपडेसुद्धा दिले. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले.

आपल्याकडे समाज हा शब्द आपण कसा वापरतो ते पाहा. मोंढ्यात किंवा एस. टी.मध्ये कोणी भेटला आणि त्याने कोणत्या समाजाचे असे विचारले, तर तो जात विचारत असतो. समाजाची सभा, समाजाचे वसतिगृह, समाजाचा मेळावा, सगळीकडे तोच अर्थ. पण या मुलाच्या बी. ए.मागे असलेली माणसे मोजली तर हा अर्थ अपुरा पडतो. आत्या, बहिणी आणि थोरला भाऊ त्याच्या घरचे. बोले, केळूसकर आणि सयाजीराव त्याच्या जातीचे नव्हते. मुल्लर तर या देशाचेही नव्हते. यांतल्या प्रत्येकाने एकेक पायरी पुढे केली नसती, तर बुद्धी असूनही तो मुलगा डबक चाळीतच राहिला असता. तिथे त्याच्याइतकी बुद्धी असलेली आणखी मुले राहून गेली नसतील असे कोण म्हणेल?

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याने भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली, ती आयुष्यभर टिकली. पहिल्यांदाच असे घडले की वर्गात कुठेही बसावे, एका टेबलावर चारचौघांबरोबर जेवावे, पाणी हाताने घ्यावे, आणि कोणाच्या कपाळाला आठी पडू नये. गोणपाटावर बसलेल्या मुलाला याचे काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. याचा परिणाम अभ्यासावरही झाला. अर्थशास्त्राच्या जोडीने इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र असे विषय त्यांनी अधाशासारखे घेतले. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांना शिकवायला होते. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते.

हा निबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या गोष्टीने लहानपणी तहानलेले ठेवले, तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला मनाला थोडी मोकळी जागा लागते. ती जागा त्यांना बरोबरीने वागवणाऱ्या सोबत्यांमध्ये मिळाली. विद्यापीठ म्हटले की आपण अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणपत्रिका यांचाच विचार करतो. पण शेजारी कोण बसतो, आणि तो तुम्हाला शेजारी बसू देतो की नाही, हासुद्धा विद्यापीठाचाच भाग आहे.

याच्या उलट अनुभवही लगेच आला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ज्या बोटीवर त्यांची पुस्तके होती ती बोट महायुद्धात बुडवली गेली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या या माणसाला बडोदे शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आपली ओळख न सांगता कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. शहरातल्या दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी तिथल्या सार्वजनिक बागेत झाडाखाली काढला.

दोघे मित्र शिकलेले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या नगरीच्या राजाने शिष्यवृत्ती दिली तिथेच घर मिळाले नाही. राजाच्या मनात आले तर पैसे मिळतात, पण खोली देण्याचे काम शेजाऱ्यालाच करावे लागते. आजही परभणीत शिकायला आलेल्या मुलामुलींना खोली शोधताना आडनाव विचारले जाते. मग खोली आहे की नाही ते ठरते. त्या बागेतल्या झाडाखालच्या बैठकीला शंभराहून अधिक वर्षे झाली.

मुंबईत शिकवण्या वगैरे करून नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, पण घरखर्च जेमतेम ठेवून ते पैसे साठवत होते, कारण अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी मूकनायक पाक्षिक काढले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा साठवलेल्या पैशांच्या जोडीला शाहू महाराजांची मदत होती आणि भथेनांकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. लंडनमध्ये सकाळी वाचनालय उघडताना आत जावे आणि बंद होताना बाहेर यावे, दोन्ही वेळचे पोटभर जेवण क्वचित, असे दिवस काढून १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्‌सी. केले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्‌सी. मिळाली, आणि ते बॅरिस्टरही झाले.

याच काळात परळला रमाबाई होत्या. नवरा साता समुद्रापलीकडे, हाती पैसा नाही, पदरात मुले. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. नवऱ्याला काळजी वाटू नये म्हणून त्यांनी घरची ओढाताण शक्य तेवढी दूर ठेवली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पदवीच्या कागदावर एकच नाव छापलेले असते. त्या कागदासाठी दिलेली किंमत मात्र एकट्याने दिलेली नसते.

आता पुढचा भाग. इतक्या माणसांचे घेऊन शिकलेल्या या विद्यार्थ्याने पुढे काय केले? १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शाळा असून चालत नाही, शाळेजवळ निजायला आणि जेवायला जागा लागते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते.

आणि मग ते आपल्याकडे वळले. मराठवाडा तेव्हा नुकताच, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला होता. परभणीसह औरंगाबाद, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद असे तेव्हाचे आपले पाच जिल्हे. एवढ्या मुलखात उच्च शिक्षणाची सोय म्हणजे औरंगाबादचे सरकारी इंटरमीजिएट कॉलेज. पुढची पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम होते उर्दू. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या शेतमजुराच्या मुलाला हे कसे साधावे? १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा शंका विचारणारा ग्रीक राजा, आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला दिलेले मला फार आवडले. आपल्या वर्गांत प्रश्न विचारायला हात वर करणारे किती, हे आपल्या प्राध्यापकांना ठाऊक आहेच.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याच्या पेट्या घेऊन मुले तिथे येऊ लागली. त्या वसतिगृहांतून शिक्षक, वकील, अधिकारी, कवी आणि लेखक झाले, मराठीतल्या दलित साहित्याला तिथे मोठे बळ मिळाले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी दीर्घ लढा झाला. १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. परभणी जिल्हा त्याच्याकडे आला आणि आपली पदवी आज तिथली असते. महाविद्यालये आता आपल्या तालुक्याला आहेत. बाबासाहेबांनी घातलेली पायवाट डांबरी झाली आहे.

पण शेवटच्या वर्षांत त्यांना एक खंत होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी ती उघड बोलून दाखवली. समाजातली मुले शिकतील आणि मागच्यांना हात देतील अशी त्यांची अपेक्षा होती. शिकलेले लोक नोकरीला लागले आणि आपापले पोट भरण्यात गुंतले, याचे दुःख त्यांनी सांगितले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ही खंत वाचल्यावर चरित्र संपत नाही, ते आपल्या अंगावर येते. माझ्यापुरता हिशेब मी करून पाहिला. घरात ताई. गावात ते गुरुजी, जे दहावीनंतर माझे लग्न ठरू लागले तेव्हा तीनदा घरी येऊन वडिलांशी बोलत बसले. तालुक्याच्या सेवा केंद्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज पैसे न घेता भरून देणारे एक मुसलमान भाऊ. वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण, जिच्या वहीवरून मी पहिल्या वर्षीचे इंग्रजी काढले. आम्ही दोघी कोणत्या समाजाच्या हे तिच्या आईने पहिल्या दिवशी विचारले होते. आता त्या माझ्यासाठीही धपाटे पाठवतात. या सगळ्यांची एक जात नाही. पण माझा समाज हाच, असे मी आता म्हणते.

मित्रमैत्रिणींनो, उपकार मानून हा हिशेब फिटत नाही, आणि बाबासाहेबांनीही तो तसा फेडला नाही. केळूसकरांचे पुस्तक त्यांनी केळूसकरांना परत केले नाही, ते सोलापूरच्या आणि औरंगाबादच्या मुलांना दिले. आपल्याला महाविद्यालय काढता येणार नाही. पण अर्ज भरून देता येतो, वही देता येते, आणि कोणाच्या घरी जाऊन पोरीला आणखी दोन वर्षे शिकू द्या असे सांगता येते. आमच्या गावात यंदा चार मुली दहावीला आहेत. चौघींचे आई-बाप तोडीवर असतात. वसतिगृहातून आम्ही तिघी सुट्टीत गावी गेलो की रात्री त्यांचा अभ्यास घ्यायचे ठरले आहे. जागा ताईच्या माहेरची, म्हणजे आमचीच ओसरी. ताई तेव्हा गावात असली तर तिलाही पाटी घेऊन बसवणार आहे. ती हसेल, पण बसेल असे वाटते.